वाचकांचे प्रश्न : चाळीस पैशांचे नाणे किती स्वस्त?

बिटकॉइनखेरीज जी असंख्य आभासी चलने आहेत आणि ज्यांना सरसकट ऑल्टकॉइन म्हटले जाते, त्यांच्याविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. ‘अमुक नाणे घेऊ का’ एवढेच विचारणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत, कारण त्याचे उत्तर देणारा माणूस एकतर अजाण असतो किंवा त्याच्याकडे तेच नाणे विकायला असते. उरलेल्यांपैकी चार पत्रांचा येथे विचार केला आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझ्या मुलाने चाळीस पैसे भावाचे एक नाणे पन्नास हजार रुपयांचे घेतले आहे. त्याचे म्हणणे असे, की बिटकॉइनची गाडी केव्हाच सुटली, आता ही स्वस्त नाणीच वर जातील. हे चाळीस रुपयांवर गेले, की पन्नास हजारांचे पन्नास लाख होतील. त्या नाण्याच्या संकेतस्थळावरील माहिती सोबत जोडली आहे. या पर्यायी नाण्यांना खरोखर भवितव्य आहे का, आणि माझ्यासारख्याने ते कशावरून जोखावे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपण बँकेत होता, तेव्हा हिशेबापासूनच सुरुवात करू. एका नाण्याचा भाव एकट्याने पाहिला तर काहीच सांगत नाही. दहा रुपयांचा शेअर स्वस्त आणि चार हजारांचा महाग, असे समजणाऱ्याला शेअरबाजारातली माणसे हसतात. पण तीच माणसे क्रिप्टोकडे वळली, की चाळीस पैशांना भुलतात. भावाला नाण्यांच्या संख्येने गुणल्याशिवाय स्वस्त-महाग ठरत नाही. आपण जोडलेल्या माहितीनुसार या नाण्याची एकूण संख्या ५०,००० कोटी आहे. म्हणजे चाळीस पैशांच्या भावाने सगळ्या नाण्यांचे मूल्य आजच २०,००० कोटी रुपये धरले जात आहे. भाव चाळीस रुपये व्हायचा, तर हे मूल्य २० लाख कोटी रुपये व्हावे लागेल. रिलायन्स इंडस्ट्रीजचे बाजारमूल्य अलीकडच्या वर्षांत साधारण याच घरात राहिलेले आहे. तेलशुद्धीकरण, दूरसंचार आणि किरकोळ विक्रीच्या एवढ्या पसाऱ्याला बाजार जी किंमत देतो, ती किंमत या नाण्याला कोणी आणि का द्यावी, हा प्रश्न चिरंजिवांना शांतपणे विचारून पाहावा.

त्याच माहितीत याहून महत्त्वाची एक ओळ आहे आणि ती बहुतेक नवखे वाचत नाहीत. ५०,००० कोटींपैकी सध्या बाजारात फक्त १०,००० कोटी नाणी फिरत आहेत. उरलेली ४०,००० कोटी संस्थापक, सुरुवातीचे गुंतवणूकदार आणि ‘परिसंस्था निधी’ असे भारदस्त नाव दिलेल्या खात्यांत आहेत आणि पुढील चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मोकळी होणार आहेत. आज फिरणाऱ्या नाण्यांचे मूल्य ४,००० कोटी रुपये होते. समजा या नाण्यात लोकांनी घातलेला पैसा तेवढाच राहिला आणि सगळी नाणी बाजारात आली, तर भाव आठ पैशांवर येतो. कोणी फसवले नाही, काही बुडाले नाही, तरीही आपल्या मुलाचे पन्नास हजार दहा हजारांवर येतात. ज्यांना ती नाणी एक-दोन पैशांना किंवा फुकटच मिळाली आहेत, त्यांना मात्र आठ पैशांनाही विकणे परवडते.

सगळ्याच नाण्यांची रचना अशी नसते. बिटकॉइनची कमाल संख्या २ कोटी १० लाखांवर बांधलेली आहे. बिटकॉइनचाच सांगाडा घेऊन २०११मध्ये निघालेल्या लाइटकॉइनची कमाल संख्या ८ कोटी ४० लाख आहे. उलट २०१३मध्ये थट्टा म्हणून काढलेल्या डोजकॉइनला मर्यादाच नाही. साधारण दर मिनिटाला दहा हजार नवी नाणी तयार होतात, म्हणजे वर्षाला ५२५ कोटींच्या आसपास. त्याचा भाव नुसता स्थिर राहायचा म्हटला, तरी दरवर्षी तेवढी नाणी विकत घेणारे नवे गिऱ्हाईक लागते.

आता भवितव्याविषयी. माझे मत असे, की यांतील बहुसंख्य नाणी नामशेष होतील आणि मोजकी टिकतील. पण नाणे टिकणे आणि ते घेणाऱ्याला फायदा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी गफलत तिथेच होते. लाइटकॉइनचेच पाहा. एवढ्या वर्षांनंतरही त्याचे व्यवहार नोंदवणारे संगणकांचे जाळे चालू आहे, व्यवहार होत आहेत. तरीही २०१७च्या डिसेंबरात पावणेचारशे डॉलरांच्या आसपास गेलेला त्याचा भाव २०२१च्या तेजीत जेमतेम चारशेच्या वर डोकावला आणि पुन्हा खाली आला. तंत्र टिकले, पण शिखरावर घेणाऱ्याचे पैसे अडकले.

ज्यांना काही काम आहे, अशा नाण्यांत इथेरियमचे नाव प्रथम घ्यावे लागते. २०१५मध्ये सुरू झालेल्या या जाळ्यावर संगणकीय करार, म्हणजे ठरलेल्या अटींप्रमाणे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, चालवता येतात, इतरांना आपापली टोकन, म्हणजे त्याच जाळ्यावर चालणारी वेगळी नाणी, काढता येतात, आणि त्या प्रत्येक व्यवहाराचे शुल्क ईथर या त्याच्याच नाण्यात भरावे लागते. ऑगस्ट २०२१पासून त्या शुल्काचा एक भाग कायमचा नष्टही केला जातो. म्हणजे भाव वाढेल या आशेखेरीज दुसऱ्या कारणासाठीही कोणाला तरी ते नाणे विकत घ्यावे लागते. माझ्या मते नवख्याने कोणत्याही नाण्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे : भाव वाढणार नाही असे उद्या सर्वांना पटले, तर हे नाणे कोण विकत घेईल? आपण जोडलेल्या माहितीपत्रात याचे उत्तर ‘धारकांना मतदानाचा अधिकार’ असे आहे. मतदान कशावर, ते मला दोनदा वाचूनही सापडले नाही.

आणि काम असलेल्या नाण्याचीही चढउतार सोसण्याची तयारी हवी. जानेवारी २०१८मध्ये चौदाशे डॉलरांच्या घरात गेलेला ईथर त्याच वर्षाच्या डिसेंबरात शंभराच्या खाली आला होता. पुढे नोव्हेंबर २०२१मध्ये तो ४,८०० डॉलरांवर गेला आणि सातच महिन्यांत पुन्हा हजाराच्या खाली उतरला. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरात हा झोका किती दिवस सोसेल, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

प्रश्न : मी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर एका टेलिग्राम गटात आहे. तेथे रोज नवी टोकन सुचवतात. व्हाइट पेपर आहे, ऑडिट झाले आहे, असे सांगतात. मला यात काय तपासायचे तेच कळत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : व्हाइट पेपर म्हणजे नाण्याची योजना मांडणारा निबंध; त्याच्या जाडीवर जाऊ नये. बिटकॉइनचा मूळ निबंध अवघा नऊ पानांचा होता. ऑडिटचा अर्थ एवढाच, की कोणीतरी संगणकीय संहितेत चुका शोधल्या. संहिता लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे, ते ऑडिटमध्ये दिसत नाही.

त्यापेक्षा एक गोष्ट आपण लोकलमध्ये उभ्या-उभ्याही करू शकता. इथेरियमवरील टोकन असेल, तर त्याच्या संगणकीय कराराचा पत्ता (अंक-अक्षरांची लांब ओळ) घेऊन इथेरियमवरील नोंदी दाखवणाऱ्या इथरस्कॅन या संकेतस्थळावर टाकावा. तेथे ‘होल्डर्स’ या मथळ्याखाली कोणत्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी ठेवण्याच्या खात्यात, किती टक्के नाणी आहेत, याची यादीच मिळते. त्यात एखादे मोठे वॉलेट एक्स्चेंजचे, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या बाजाराचे, किंवा खरेदी-विक्रीच्या सामाईक निधीचे असू शकते. ते वगळूनही पहिल्या दहा वॉलेटमध्ये निम्म्याहून अधिक नाणी असतील, तर भाव त्या दहा जणांच्या मर्जीवर आहे असे समजावे. याशिवाय नवी नाणी पाडण्याचा अधिकार अजून कोणाच्या हाती आहे का, आणि टोकन विकता येते का, हे पाहावे. दुसरा प्रश्न वेडगळ वाटेल. पण २०२१मध्ये एका लोकप्रिय कोरियन मालिकेचे नाव लावून निघालेले टोकन काही दिवसांत २,८०० डॉलरांच्या वर गेले होते, आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते विकताच येत नव्हते. काही मिनिटांत ते शून्यावर आले आणि काढणारे पसार झाले.

विकता येणे म्हणजे काय, हे मी माझ्या भाच्याच्या फोनवर पाहिले. दादरला एका हॉटेलात बसून त्याने मला ॲप दाखवले. त्यात एक लाख ऐंशी हजार रुपये दिसत होते. मी त्याला खरेदीदारांची रांग उघडायला सांगितली. सर्वांत वरच्या भावाला सहा हजारांचा एक खरेदीदार होता. त्याखाली नऊ टक्के कमी भावाला चार हजारांचा. अशी सारी रांग बेरजेला एकतीस हजारांची भरली. म्हणजे उरलेल्या दीड लाखाला त्या क्षणी कोणीच गिऱ्हाईक नव्हते. शेवटच्या सौद्याच्या भावाने केलेला तो नुसता गुणाकार होता. चहा येईपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता.

गटात नाव येताच भाव कसा चढतो, हेही ध्यानात घ्यावे. सुचवणाऱ्याने आधी घेतलेले असते, तुम्ही घेता तेव्हा तो विकत असतो. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील आकड्यांवर ज्या शहरात कधीकाळी मटका लागत असे, त्या शहराला दूरच्या आकड्यांचे वेड काही नवे नाही; फक्त तेव्हा लावणाऱ्याला आपण जुगार खेळतो आहोत याची निदान कल्पना असे.

ठरावीक परताव्याचे आश्वासन असेल, तर तेथून सरळ बाहेर पडावे. टेरा या जाळ्याचे स्थिर समजले जाणारे नाणे ठेवीवर सुमारे २० टक्के व्याज देत होते. त्याची एका डॉलरची किंमत टिकवण्यासाठी लुना हे जोडनाणे हवे तेवढे छापण्याची त्यात सोय होती. मे २०२२मध्ये विश्वास उडाला, लोक बाहेर पडू लागले, आणि सुमारे ३५ कोटी असलेली लुना काही दिवसांत साडेसहा लाख कोटींवर गेली. एप्रिलमध्ये शंभर डॉलरांच्या वर असलेला भाव पैशाच्याही खाली आला. हे काही गल्लीतले टोकन नव्हते. जगातल्या पहिल्या दहा नाण्यांत त्याची गणना होत होती.

प्रश्न : मला एका नाण्यात ५०,००० रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात ७०,००० रुपये तोटा. एकूण तोटाच आहे, मग कर लागणार नाही ना?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : लागेल. १ एप्रिल २०२२पासून आभासी मालमत्तेवरील नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. आपल्याला ५०,००० रुपयांवर १५,००० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, असे १५,६०० रुपये भरावे लागतील. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही. विक्रीच्या वेळी एक टक्का टीडीएस कापला गेला असेल, तर तो मात्र या रकमेतून वळता होतो. एका नाण्याच्या बदल्यात दुसरे घेतले, तरी ती पहिल्याची विक्रीच धरली जाते, हे अनेकांना विवरणपत्र भरताना कळते. दिवसाला दहा सौदे करणाऱ्या नवख्याला भविष्यातल्या भावाइतकीच या नियमाची चिंता असायला हवी, असे मला वाटते.

प्रश्न : एका ॲपवर माझे चार लाख दिसत आहेत. काढायला गेलो, तर आधी १२ टक्के ‘कर’ त्यांच्या खात्यात भरा, मग रक्कम सुटेल, असे सांगतात. भरू का?
— एक वाचक, वसई

उत्तर : एक रुपयाही भरू नका. आयकर सरकारकडे जमा होतो, ॲपवाल्याच्या खात्यात नाही. आणि खऱ्या एक्स्चेंजला काही कापायचे असेल, तर तो देय रकमेतूनच कापतो. हे पैसे भरल्यावर पुढची मागणी ‘पडताळणी शुल्का’ची येईल. ते चार लाख बहुधा पडद्यावरचा नुसता आकडा आहे, पण आपण आजवर भरलेली रक्कम खरी आहे आणि तिचा माग काढता येऊ शकतो. १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर आजच फोन करा. ॲपमधील संभाषण पुसू नका, आणि ज्या ज्या खात्यांत पैसे पाठवले, त्या प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेने दिलेला व्यवहार क्रमांक, फोन लावण्याआधी कागदावर लिहून ठेवा; ते तोच आधी विचारतात.