चाळीस लिटरांचा समुद्र : वाचकांचे प्रश्न

खाऱ्या पाण्याच्या लहान टाक्यांविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहे. जागेअभावी प्रश्न थोडक्यात छापले आहेत.

प्रश्न (ठाणे) : गोड्या पाण्याची टाकी मी बारा वर्षे सांभाळत आहे. आता दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा टाकीत प्रवाळ आणि दोन मासे ठेवण्याचा विचार आहे. दुकानदार म्हणतात की नवख्या माणसाने लहान टाकीपासूनच सुरुवात करावी, ती सोपी असते. हे खरे आहे का?

उत्तर : दुकानदारांचे म्हणणे खर्चापुरते खरे आहे. मीठ कमी लागते, दिवा लहान चालतो आणि टाकी टेबलावर मावते. सोपेपणाचा दावा मात्र मला मान्य नाही. तुमची टाकी काठोकाठ ४० लिटरची असली, तरी आतील दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात प्रत्यक्षात ३२ लिटरच्या आसपास पाणी राहील. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांना ३५ भाग क्षार असतात, म्हणजे तुमच्या पाण्यात साधारण ११२० ग्रॅम क्षार विरघळलेले असतील. पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मागेच राहतात. उन्हाळ्यात उघड्या टाकीतून दिवसाला एक लिटर पाणी सहज उडते. तीन दिवस लक्ष दिले नाही, तर तेच ११२० ग्रॅम २९ लिटरांत उरतात आणि खारेपणा ३५ वरून ३८.६ वर जातो. चारशे लिटरच्या टाकीत तेवढ्याच दिवसांत हा आकडा ३७ च्या आत राहतो. मासा हा बदल कदाचित सोसेल, पण प्रवाळ आणि गोगलगायी यांना आपल्या शरीरातील खारेपणा बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळा राखता येत नाही, त्यामुळे त्या आधी मिटून घेतात आणि मग मरतात.

म्हणून टाकी घेतल्यावर पहिल्याच दिवशी काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीची एक बारीक रेघ ओढावी आणि रोज सकाळी पाणी त्या रेघेपर्यंत भरावे. हे भरायचे पाणी बिनमिठाचे असते. मी स्वतः सुरुवातीला पहिला महिनाभर, समुद्राची टाकी म्हणजे समुद्राचेच पाणी, अशा समजुतीने उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी ओतत होतो. मशरूम जातीची माझी तीन प्रवाळे बटणाएवढी आक्रसली तेव्हा कुठे मी खारेपणा मोजला, आणि तो ४१ निघाला. तो खाली आणायलाही मला आठवडा लागला, कारण एकदम उतरवणे हाही तितकाच मोठा धक्का असतो.

खारेपणा मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारे उपकरण, घ्यावा. तरंगत्या काट्याचे प्लास्टिकचे मापक स्वस्त असते, पण काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी ते चुकीचा आकडा दाखवते. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला जुळवून थांबू नये. ३५ च्या प्रमाणित द्रावणाचा एक थेंब काचेवर टाकून तो त्याच आकड्याला जुळवावा, कारण आपल्याला मोजायचे आहे ते तिथे, शून्यापाशी नव्हे.

बाकी साहित्य थोडे आहे : पाणी खेळते ठेवणारा लहान पंप, मागच्या काचेवर टांगायचा फिल्टर, निळ्याकडे झुकणारा एलईडी दिवा आणि तो रोज आठ तास चालवणारा टायमर. प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातील घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र, या आकाराच्या टाकीला लागत नाही. दर आठवड्याला तीन ते चार लिटर पाणी बदलले की स्किमरचे बरेचसे काम होते आणि प्रवाळांनी वापरलेले कॅल्शियम, मॅग्नेशियमही भरून निघते. बदलायचे पाणी आदल्या रात्री बादलीत कालवून, पंप लावून फिरत ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याचा खारेपणा व तापमान टाकीशी जुळल्यावरच ओतावे. मीठ मत्स्यालयासाठी बनवलेलेच असावे. स्वयंपाकाचे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड; समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ते त्यात मिळत नाही. तळाशी वाळू घालू नये, असे माझे मत आहे. ती सुंदर दिसते, पण एवढ्या कमी पाण्यात तिच्यात साचणारी घाण काढणे हे वेगळेच काम होऊन बसते.

प्रश्न (पुणे) : टाकीत घालण्यासाठी मी घरच्या प्युरिफायरचे पाणी वापरते. ते आजेसासूबाईंच्या तांब्याच्या हंड्यात साठवलेले असते, त्यामुळे ते शुद्धच असणार. तरीही गोगलगायी आठवडाभरात मेल्या आणि झोअँथिड (प्रवाळांसारखे मऊ जीव) उघडत नाहीत. मासा मात्र ठणठणीत आहे.

उत्तर : कारण तुमच्याच पत्रात आहे, आणि ते हंडा हेच आहे. तांबे माणसाला जेवढ्या प्रमाणात चालते, त्याच्या अगदी लहान अंशाने गोगलगायी, कोळंबी, खेकडे आणि प्रवाळ मरतात. माशांच्या परोपजीवी रोगांवर तांब्याची औषधे देतात ती याच गुणामुळे : परोपजीवी आधी मरतात, मासा तग धरतो. तुमच्या टाकीत तेच घडले. फरक एवढाच की मेले ते तुमचे पाळीव जीव. हंडा स्वयंपाकघरातच असू द्यावा आणि टाकीचे पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवावे. तो कॅन आणि बादली साबणाने कधीही धुऊ नये.

तुमचा प्युरिफायरही एकदा तपासून पाहा. आजकाल काही यंत्रांमध्ये पाण्यात मुद्दाम तांबे मिसळणारे काडतूस असते, आणि बहुतेकांमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळले जातात. पिण्याच्या पाण्याला ते ठीक आहे. टाकीसाठी मात्र आरओच्या नळीनंतर उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआयोनायझिंग रेझिनचे एक काडतूस जोडून, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मापकावर) शून्य दाखवणारे पाणी घ्यावे. आता चार दिवसांच्या अंतराने तीन वेळा, दर खेपेस एकचतुर्थांश पाणी बदला आणि फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी ठेवा. झोअँथिड उघडतील अशी आशा आहे. नव्या गोगलगायी मात्र महिनाभर आणू नका.

जाता जाता एक विनंती : टाकी झोपण्याच्या खोलीत असेल, तर तिथे डास मारण्याचे लिक्विड किंवा कॉइल लावू नका. त्यातील पायरेथ्रॉइड वर्गाची रसायने माशांना आणि कवचधारी जीवांना अतिशय विषारी असतात. मच्छरदाणी उत्तम.

प्रश्न (नाशिक) : पाणी अगदी काचेसारखे स्वच्छ होते. पाचव्या दिवशी दोन क्लाउनफिश आणि एक निळा टँग आणला. आठ दिवसांत तिन्ही मेले. मासे आजारी दिले असतील का?

उत्तर : असतीलही, पण या टाकीत निरोगी मासेही वाचले नसते. माशांच्या मलमूत्रातून आणि न खाल्लेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो रंगहीन असतो, म्हणून पाणी स्वच्छ दिसणे हा काही पुरावा नव्हे. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि हे दोन्ही दगडांवर पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय अमोनियाचा विषारी अंश पाण्याच्या पीएचवर अवलंबून असतो. गोड्या पाण्याच्या, पीएच ७ असलेल्या टाकीत एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी स्वरूपात नसतो, समुद्राच्या ८.२ पीएचला तो सात-आठ टक्के असतो. गोड्या पाण्यात खपून जाणारी घाई खाऱ्या पाण्यात अंगाशी येते ती यामुळे.

आता टाकी रिकामीच चालू द्या. तिच्यात बाजारातील साध्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा टाका आणि दर दोन दिवसांनी अमोनिया तपासा. नेहमीच्या संचातील परीक्षानळीचा रंग आधी हिरवा होत जाईल आणि काही आठवड्यांनी पुन्हा पिवळ्यावर येईल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्य राहिले, की पहिला जीव आणावा. तोही मासा नव्हे, दोन गोगलगायी. याच काळात काचेवर आणि दगडांवर तपकिरी थर धरेल. ते डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल असते आणि आपोआप ओसरते. त्याच्यासाठी औषध आणू नये.

निळ्या टँगविषयी इतकेच सांगतो की तो फूटभर वाढणारा, लांब पल्ल्याने पोहणारा मासा आहे आणि तुमच्या टाकीची लांबी त्याला दोन झटक्यांतच संपते. क्लाउनफिशची एक जोडी पुरे. दोन लहान पिल्ले घेतली, तर त्यांतील वरचढ होईल ती मादी होते आणि दुसरा नर राहतो, म्हणून जोडी ओळखून आणण्याचीही गरज नसते. निसर्गात ते ज्याच्या आश्रयाने राहतात, ते समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) त्यांना लागतेच असे नाही, आणि एवढ्या टाकीत ते ठेवूही नये, कारण ते जागा सोडून फिरते आणि पंपात सापडून मेले, तर रात्रीत सगळे पाणी नासवते. जोडी शक्यतो हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रात, वाढलेली घ्या. तामिळनाडूतील मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्राने क्लाउनफिशचे प्रजनन फार पूर्वीच साध्य केले आहे आणि आपल्याकडे ऐरोलीलाही सागरी शोभिवंत माशांची हॅचरी आहे. असे मासे कोरडे खाद्य लगेच खातात.

प्रश्न (कुडाळ) : आमच्यापासून मालवण जवळ आहे. तिथल्या खडकांवरून लहानसा प्रवाळाचा तुकडा, निदान वाहून आलेला मेलेला तुकडा, आणून टाकीत ठेवला तर चालेल का?

उत्तर : दोन्ही चालणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो तुकडा वाघाच्या पंक्तीला बसतो, आणि त्याचा मृत सांगाडाही त्यातून सुटत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य तर १९८७ पासूनचे आहे. दुकानात मिळणारा ‘लाइव्ह रॉक’ किंवा ‘ड्राय रॉक’ हादेखील अनेकदा जुन्या प्रवाळाचाच सांगाडा असतो, म्हणून मी भाजलेल्या सिरॅमिकचे सच्छिद्र दगड सुचवतो. ते सुरुवातीला पांढरेफटक आणि खोटे दिसतात, पण सहा महिन्यांत त्यांवर गुलाबी-जांभळे चुनखडीचे शैवाल धरले, की फरक शोधावा लागतो.

चुन्याचा सांगाडा नसलेले झोअँथिड आणि मशरूम हे जीव लहान टाकीला आणि नवख्या हाताला अधिक मानवतात. तेही शास्त्रीय नाव लिहिलेल्या पावतीसह आणि आयातीचे असतील, तर त्या कागदपत्रांसह घ्यावेत. कागद द्यायला दुकानदार कां-कूं करत असेल, तर दुकान बदलावे. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा : त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. ते चिकटलेला दगड ‘निर्जंतुक’ करण्यासाठी पाण्यात उकळण्याचा उद्योग कुणीही, कधीही करू नये. त्या वाफेने घरातील माणसे रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना घडल्या आहेत.

प्रश्न (नागपूर) : मे महिन्यात टाकीचे पाणी ३२ अंशांवर जाते. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) परवडत नाही.

उत्तर : नागपूरला चिलरची गरज मुंबईपेक्षा कमी आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा संगणकातला लहान पंखा टाकीच्या काठावर तिरका बसवा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने टाकीचे पाणी दोन-तीन अंशांनी उतरेल, आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कधी त्याहूनही जास्त. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा उपाय निम्माही लागू पडत नाही. दिवा दुपारऐवजी संध्याकाळनंतर लावा आणि टाकीवरील काचेचे झाकण काढून जाळी घाला. अगदीच अडचण झाली, तर गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवता येते. बर्फ थेट घालू नये. २५ ते २७ अंश हे उद्दिष्ट असावे. २९ अंश काही दिवस खपून जातात. पंखा लावल्यावर पाणी दुप्पट वेगाने उडते, तेव्हा ठाण्याच्या वाचकांना दिलेले उत्तर तुम्हीही वाचावे.

प्रश्न (बोरिवली) : गणपतीला आम्ही आठ दिवस गावी जातो. शेजारच्या काकू टाकीकडे बघायला तयार आहेत, पण त्यांना यातले काही कळत नाही.

उत्तर : काकूंना काही कळण्याची गरज नाही, त्यांच्या हातात खाद्याचा डबा पडू नये, एवढे पाहा. मोठे क्लाउनफिश चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात, पण हौसेने घातलेले चमचाभर खाद्य दोन दिवसांत टाकी नासवते. खाद्याच्या दोनच पुड्या बांधून त्यांवर वार लिहा आणि डबा कपाटात ठेवा. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, आदल्या दिवशी नव्हे, म्हणजे काही बिघडले तर ते तुमच्या डोळ्यांदेखत बिघडेल. पंप इन्व्हर्टरवर घ्या. तो पाच-सात वॅटच खातो. बिनमिठाच्या पाण्याचे कॅन टाकीशेजारी मांडून ठेवा, त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘हेच पाणी’ असे लिहा, आणि काकूंना काचेवरची रेघ दाखवा. पाणी रोज तिथपर्यंत भरायचे. खाली राहिले तर संध्याकाळी फोन करायचा.