नॅसकारचे जुने हंगाम वाचताना: आधी गुणपद्धत, मग विजेता

नॅसकार कप या अमेरिकेतल्या मोटारशर्यतींच्या मालिकेच्या जुन्या हंगामांची कोष्टके चाळताना तुम्ही तीन नोंदींपाशी अडला आहात. 1985 मध्ये 11 शर्यती जिंकलेला बिल इलियट दुसरा आला आणि 3 जिंकलेला डॅरेल वॉल्ट्रिप विजेता ठरला. 1996 मध्ये 10 शर्यती जिंकलेल्या जेफ गॉर्डनच्या पुढे 2 जिंकलेला टेरी लबॉन्टी राहिला. 2003 मध्ये तर मॅट केनसेथने संपूर्ण हंगामात एकच शर्यत जिंकून विजेतेपद मिळवले. त्यावरून तुम्ही विचारले आहे की सगळे हंगाम एकाच नियमाने पुन्हा मोजले तर खरे विजेते कळतील का, आणि नव्या वाचकाने सुरुवात कोणत्या हंगामापासून करावी.

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ठामपणे नकारार्थी आहे. गुणपद्धत म्हणजे हंगाम संपल्यावर लावायची मोजपट्टी नव्हे. ती हंगाम सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक संघाला ठाऊक असते आणि कोणता धोका पत्करायचा, गाडी कधी जपायची, कोणत्या शर्यतीला जायचे आणि कोणती सोडायची हे सगळे तिच्यावरूनच ठरते. नियम वेगळा असता तर तेच चालक त्याच ट्रॅकवर वेगळ्या तऱ्हेने गाडी चालवते. म्हणून एखाद्या वर्षाचा विजेता पाहण्याआधी त्या वर्षी गुण कसे मिळत होते ते पाहावे, असा माझा आग्रह असतो.

सुरुवातीच्या काळात तर हे फारच आवश्यक आहे. 1949 च्या पहिल्या हंगामात फक्त 8 शर्यती झाल्या. त्यातली पहिली शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर झाली आणि तिच्यात सर्वांत आधी पोचलेला ग्लेन डनअवे गाडीच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार आढळल्यामुळे बाद झाला. विजय जिम रोपरच्या नावावर गेला. पुढच्याच वर्षी ली पेटीने नॅसकारची मान्यता नसलेल्या शर्यतींत भाग घेतला म्हणून त्याचे गुण काढून घेण्यात आले आणि बिल रेक्सफर्ड एका विजयावर विजेता झाला. पुढे शर्यतींची संख्या इतकी वाढली की 1964 मध्ये ती 62 वर पोचली. त्यांत शंभर मैलांच्या, आठवड्याच्या मधल्या वारी होणाऱ्या छोट्या शर्यतीही होत्या. रिचर्ड पेटीने 1967 मध्ये सलग 10 आणि एकूण 27 शर्यती जिंकल्या. तो पराक्रम थोरच आहे, पण आजच्या 36 शर्यतींच्या हंगामाशी त्याची थेट तुलना करता येत नाही. दुसरीकडे डेव्हिड पिअर्सनसारखा चालक बऱ्याच वर्षी निवडक शर्यतींतच उतरत असे. कारकिर्दीतले 105 विजय आणि विजेतेपदे मात्र तीनच, हे वाचून त्याला कमी लेखणारे लोक भेटतात, तेव्हा त्याने किती शर्यतींत भाग घेतला तो रकाना त्यांनी पाहिलेलाच नसतो.

सिगारेट कंपनीच्या विन्स्टन या नावाचे प्रायोजकत्व 1971 मध्ये आले आणि 1972 पासून वेळापत्रक 48 वरून 31 शर्यतींवर आणले गेले. 1972 आणि 1973 ही दोन वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक फेरीचेही गुण मिळत. ट्रॅक लांब असेल तर फेरीमागे अधिक, आखूड असेल तर कमी, त्यामुळे बेरीज दशांशात यायची. 1973 मध्ये पिअर्सनने 18 शर्यतींत 11 विजय मिळवले, तरी विजेतेपद एकच शर्यत जिंकलेल्या बेनी पार्सन्सला गेले. रॉकिंगहॅमच्या शेवटच्या शर्यतीत पार्सन्सची गाडी सुरुवातीलाच अपघातात सापडली आणि उजवी बाजू उघडी पडली. तेव्हा इतर संघांचे मेकॅनिकही मदतीला धावले, पात्र न ठरलेल्या एका गाडीचे भाग कापून आणून त्याच्या गाडीला जोडले गेले आणि तो ट्रॅकवर परतला. तो 28 वा आला, पण त्याला हव्या होत्या त्या फेऱ्या त्याने पूर्ण केल्या आणि केल यारबरोला 67.15 गुणांनी मागे टाकले. फेरीला गुण नसते, तर ती मोडकी गाडी पुन्हा उभी करण्याचा खटाटोप कुणी केला असता का, याचा विचार करून पाहावा. 1974 ची पद्धत, म्हणजे बक्षिसाच्या रकमेला शर्यतींच्या संख्येने गुणणे, इतकी विचित्र होती की ती एका वर्षातच टाकून द्यावी लागली.

1975 मध्ये बॉब लॅटफोर्डने आखलेली पद्धत आली आणि ती 2003 पर्यंत टिकली. डेटोना बीचवरच्या एका बारमध्ये त्याने ती कागदी रुमालावर मांडली, असे सांगतात. पहिल्याला 175, दुसऱ्याला 170 आणि सहाव्या क्रमांकापर्यंत पाच-पाचने उतार. अकराव्यापर्यंत चार-चारने, त्याखाली तीन-तीनने. शर्यतीत एक तरी फेरी आघाडीवर राहिल्यास 5 आणि सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहिल्यास आणखी 5. शर्यत डेटोनाची असो वा एखाद्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकची, गुण सारखेच. या पद्धतीत जिंकणारा आणि दुसरा यांच्यात फारच थोडे अंतर पडते, पण 43 व्या क्रमांकाला 34 गुण मिळत असल्यामुळे इंजिन फुटून बाहेर पडणाऱ्याचे एका दिवसात शंभराहून अधिक गुण बुडतात. त्यामुळे 1985 चे कोडे उरतच नाही. इलियटची फोर्ड त्या वर्षी सर्वांत वेगवान होती, मोठ्या शर्यतींतली तीन जिंकून त्याने दहा लाख डॉलरचे खास बक्षीसही पटकावले, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच्याकडे दोनशेहून अधिक गुणांची आघाडी होती. नंतर बिघाड सुरू झाले. वॉल्ट्रिप जवळजवळ दर रविवारी पहिल्या दहांत येत राहिला आणि 101 गुणांनी जिंकला.

या पद्धतीचे सगळे गुणदोष एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर 1992 चा हंगाम घ्यावा. माझ्या मते मालिकेच्या इतिहासात त्याच्या तोडीचा दुसरा हंगाम नाही. एलन कुलविकी हा विस्कॉन्सिनचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला चालक स्वतःच्याच छोट्या संघाचा मालकही होता. ज्युनिअर जॉन्सनसारख्या मातब्बर मालकाचे निमंत्रण त्याने नाकारले होते, आणि 1992 मध्ये त्याच जॉन्सनसाठी इलियट गाडी चालवत होता. सप्टेंबरमध्ये डोव्हरच्या शर्यतीनंतर, फक्त 6 शर्यती उरल्या असताना, कुलविकी इलियटच्या 278 गुण मागे होता. पुढच्या पाच शर्यतींतली एकही त्याने जिंकली नाही. त्याचे क्रमांक होते पाचवा, बारावा, दुसरा, बारावा आणि चौथा. इलियटचे त्याच पाच शर्यतींतले क्रमांक होते 30, 26, 30, 4 आणि 31. लॅटफोर्डचा तक्ता शेजारी ठेवून ही बेरीज स्वतः करून पाहावी. ती 278 ची दरी डोळ्यांदेखत बुजत जाते.

15 नोव्हेंबरला अटलांटातल्या शेवटच्या शर्यतीला सहा चालकांना विजेतेपदाची संधी होती. डेव्ही एलिसन पुढे होता, कुलविकी त्याच्या 30 आणि इलियट 40 गुण मागे. एलिसनला पाचवा क्रमांक पुरेसा होता, पण उत्तरार्धात एर्नी अर्व्हनची गाडी समोर आडवी फिरली आणि त्याची संधी गेली. आता उरले दोघे. कुलविकीच्या गाडीचा पहिला गिअर पिटमधल्या, म्हणजे पेट्रोल-टायरसाठी थांबण्याच्या जागेतल्या, पहिल्याच थांब्यात निकामी झाला होता, त्यामुळे पिटमधून गाडी बाहेर काढताना प्रत्येक वेळी इंजिन बंद पडण्याची भीती. इलियट जिंकला आणि कुलविकी दुसरा आला तर काय होईल, हा हिशेब त्याच्या क्रू चीफने, म्हणजे संघाचा तांत्रिक प्रमुख असलेल्या पॉल अँड्र्यूजने, मांडून ठेवला होता: सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहण्याचे 5 गुण कुणाला मिळतात यावर सगळे ठरणार. म्हणून कुलविकी 310 व्या फेरीपर्यंत आघाडीवर राहिला आणि मगच पेट्रोलसाठी आत आला. 328 फेऱ्या संपल्या तेव्हा इलियट पहिला, कुलविकी दुसरा. आघाडीच्या फेऱ्या कुलविकीच्या 103, इलियटच्या 102. त्यामुळे दोघांनाही त्या दिवशी 180 गुण मिळाले, आधीचे 10 गुणांचे अंतर कायम राहिले आणि हंगाम 4078 विरुद्ध 4068 असा संपला. ती एक फेरी इलियटकडे गेली असती, तर दोघांचे 4073 झाले असते आणि 2 विरुद्ध 5 विजयांच्या निकषावर इलियट विजेता ठरला असता.

त्याच शर्यतीत रिचर्ड पेटी शेवटच्या वेळी आणि जेफ गॉर्डन पहिल्यांदा कप मालिकेत उतरला होता. कुलविकीने त्या शर्यतीपुरती आपल्या थंडरबर्ड गाडीच्या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरे काढून ते ‘अंडरबर्ड’ केले होते, कारण मोठ्या संघांपुढे तो दुबळा पक्ष मानला जात होता. 1 एप्रिल 1993 रोजी विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला, आणि जुलैमध्ये हेलिकॉप्टर अपघातानंतर डेव्ही एलिसनही गेला. त्यामुळे या दोघांचे पुढचे हंगाम कधी झालेच नाहीत, हे 1993 आणि 1994 ची कोष्टके वाचताना ध्यानात असू द्यावे.

आता 2003. केनसेथच्या नावावर विजय एक, पण 36 पैकी 25 शर्यतींत तो पहिल्या दहांत होता आणि चौथ्या शर्यतीनंतर शेवटपर्यंत गुणतक्त्यात पहिला राहिला. त्याच वर्षी 8 शर्यती जिंकलेला रायन न्यूमन अनेकदा शर्यत पूर्णच करू शकला नाही, म्हणून सहावा आला. नियमाने ज्याला मोल दिले होते तेच केनसेथने केले, त्यामुळे त्याच्या विजेतेपदाला कमी लेखणे मला मुळीच मान्य नाही. 2004 पासून पहिल्या 26 शर्यतींनंतर आघाडीच्या दहा जणांचे गुण जवळजवळ समान पातळीवर आणून शेवटच्या 10 शर्यतींत निकाल लावण्याची पद्धत आली. केनसेथमुळे ती आली असे म्हणतात ते अर्धेच खरे आहे. नवा प्रायोजक, नवे नेतृत्व आणि शरद ऋतूत अमेरिकन फुटबॉलकडे वळणारा प्रेक्षक ही कारणेही तितकीच वजनदार होती.

पुन्हा मोजणीचा मोह लोकांना सर्वाधिक होतो तो 2007 बाबत. जुन्या पद्धतीने संपूर्ण हंगामाची बेरीज केली तर गॉर्डन जिमी जॉन्सनच्या 353 गुण पुढे राहतो, म्हणून ते विजेतेपद गॉर्डनचेच होते असा दावा केला जातो. गॉर्डनने त्या वर्षी 30 वेळा पहिल्या दहांत येण्याचा, 1972 पासूनच्या काळातला, विक्रम केला हे खरे, आणि त्याच्याबद्दल वाटणारी हळहळही मी समजू शकतो. पण शेवटच्या दहा शर्यतींतच निकाल आहे हे जॉन्सनच्या संघाला जानेवारीतच ठाऊक होते, आणि त्याने नेमक्या त्याच टप्प्यात सलग चार शर्यती जिंकल्या. वर्षभराची बेरीज होणार असती, तर त्यांचा उन्हाळा वेगळ्या तऱ्हेने गेला असता. जे डावपेच कधी आखलेच गेले नाहीत, त्यांचे गुण कोणत्या तक्त्यात धरायचे?

2014 ते 2025 या काळातल्या बाद पद्धतीबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. शेवटची शर्यत चौघांत, आणि त्या चौघांतला जो पुढे येईल तो विजेता, या नियमामुळे 2014 मध्ये एकही शर्यत न जिंकलेला न्यूमन विजेतेपदापासून एका क्रमांकावर होता, आणि 2020 मध्ये 9 शर्यती जिंकलेला केव्हिन हार्विक अंतिम चौघांतसुद्धा पोचला नाही. एका दिवसाच्या निकालावर 36 शर्यतींचे वर्ष टांगणे मला चुकीचे वाटते. तरीही त्या काळातल्या विजेत्यांची नावे खोडायला मी तयार नाही, कारण त्यांनीही समोरच्याच नियमाने शर्यती केल्या.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. 1992 च्या शेवटच्या सहा शर्यती आधी पाहाव्यात, त्याही तक्ता हाताशी ठेवून. नंतर 1979: त्या वर्षी डेटोना 500 अमेरिकेत प्रथमच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दूरचित्रवाणीवर दिसली, आणि हंगामाअखेर रिचर्ड पेटीने वॉल्ट्रिपला 11 गुणांनी मागे टाकले. त्यानंतर 2011 कडे यावे, कारण तेव्हा पद्धत पुन्हा बदलून पहिल्याला 43 आणि शेवटच्याला 1 अशी सोपी झाली होती. टोनी स्टुअर्टने पहिल्या 26 शर्यतींत एकही विजय मिळवला नव्हता आणि शेवटच्या दहांत पाच मिळवले. कार्ल एडवर्ड्स त्याच दहा शर्यतींत सरासरी पाचव्या क्रमांकाच्या आत राहिला. होमस्टेडच्या अखेरच्या शर्यतीत स्टुअर्ट पहिला आणि एडवर्ड्स दुसरा आला, दोघांचेही गुण 2403 झाले आणि विजयांच्या संख्येवर, 5 विरुद्ध 1, विजेतेपद स्टुअर्टला गेले. केनसेथच्या पद्धतीत जे सातत्य विजेतेपद देऊन गेले, तेच आठ वर्षांनी एडवर्ड्सला पुरले नाही. ही दोन वर्षे लागोपाठ वाचलीत, तर 1985 आणि 1996 च्या नोंदी तुम्हाला अडवणार नाहीत.