पंधरा-वीस जणांना पाटणादेवीला नेताय? मग हे वाचा

भाऊ, पहिल्यांदाच ग्रुप नेतोयस तर तोरणमाळच्या डोंगराळ गावाचा हट्ट सोड, चाळीसगावजवळचं पाटणादेवी धर. पावसाळा सरता सरता जा. उन्हाळ्यात काळा कातळ भाजून काढतो.

सकाळी लवकर जवळचा कन्हेरगड किल्ला चढा. सगळ्यांना माथ्यावर रेटू नकोस. दमलेल्यांना वाटेवरच्या लेण्यांत बसव आणि कातळ जवळून दाखव. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत हे. थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पांढरे खनिज भरले. वाटाण्याएवढे ठिपके दिसतील. पोरं त्यातच रमतात. खरवडू मात्र देऊ नकोस, हे गौताळा अभयारण्य आहे. लेण्यांपाशी धूर, अत्तर, आरडाओरडा नको. आग्यामोहोळ उठलं की पळता भुई थोडी!

उतरल्यावर हेमाडपंती महादेव मंदिर. थोर गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथेच मठ काढला. १३व्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख तसं सांगतो. गणिताला घाबरणाऱ्यांना हे जरूर ऐकव.

जेवणाला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा आणि भरीत घरूनच बांधून घ्या. पाणी माणशी तीन लिटर. धबधब्याखाली जायचा मोह होईल, पण शेवाळलेला बेसाल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, साबणासारखा निसटतो, तेव्हा लांबूनच फोटो.