सोलापूर जिल्ह्यात शेळीपालन सुरू करायचंय, सरकारी अनुदानाच्या भरवशावर उतरावं का?

तुम्ही लिहिलंय की मोहोळ तालुक्यात दोन एकर रान आहे, उन्हाळ्यात बोअर आटतं, आणि एक सल्लागार म्हणतोय की २० लाखांचा १०० शेळ्यांचा प्रकल्प करू, निम्मे पैसे सरकार देतं. योजना खरी आहे, त्यात फसवणूक नाही. फक्त सरकारच्या पैशातून शेड बांधता येत नाही. शेड आधी तुम्ही बांधायचं, पैसे मागनं येतात. सल्लागार लोक नेमका हा क्रम सांगत नाहीत.

तो सांगतोय ती केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातली उद्योजकता योजना. २०२१-२२ पासून ती सध्याच्या रूपात चालते. १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या गटाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. ५०० शेळ्या आणि २५ बोकड असतील तर ५० लाखांपर्यंत. जमीन विकत घेणं, भाडं, खेळतं भांडवल यातलं काही त्यात धरत नाहीत. आधी बँकेचं कर्ज मंजूर करून घ्या, काम सुरू करा, तपासणी होईल, मग पहिला हप्ता. प्रकल्प उभा राहिला की पुन्हा तपासणी आणि दुसरा हप्ता. तोवर व्याजाचं मीटर चालू असतं आणि ते तुमच्याच नावावर.

त्यापेक्षा मोठा प्रश्न चाऱ्याचा. एक मोठी शेळी दिवसाला तीन ते चार किलो हिरवा चारा, किलोभर वाळलेला आणि पाव किलोच्या आसपास खुराक खाते. १०० शेळ्या म्हणजे रोज तीन-चार क्विंटल हिरवं. बोअर आटणाऱ्या दोन एकरांत शेवरी, सुबाभूळ, दशरथ घास सगळं लावलं तरी एप्रिल-मेत विकत आणायची पाळी येणार. आपल्याकडं तुरीचं आणि हरभऱ्याचं भुस्कट मिळतं, शेळ्या ते चवीनं खातात, पण तेही सुगीतच भरून ठेवलं तर परवडतं. प्रकल्प अहवालात चाऱ्याचा खर्च कसा धरलाय ते बघा. बहुतेक अहवालांत शेळी हवेवर जगते.

मी सांगोल्याकडचा, शेळ्या आणि पंढरपुरी म्हशी सांभाळतो. माझं मत विचाराल तर १० शेळ्या आणि १ बोकड या राज्याच्या योजनेला अर्ज करा. २०२१ च्या शासन निर्णयात उस्मानाबादी किंवा संगमनेरी जातीच्या गटाची किंमत विम्यासकट १,०३,५४५ रुपये धरली होती. त्यातले सर्वसाधारण प्रवर्गाला ५० टक्के म्हणजे ५१,७७३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के म्हणजे ७७,६५९ रुपये. शेळीचा भाव ८ हजार धरलाय. त्या भावात गाभण उस्मानाबादी मिळते का हे रविवारी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात एक चक्कर मारून स्वतः बघा, म्हणजे पदरचे किती घालावे लागतील याचा अंदाज येईल. दारिद्र्यरेषेखालचे, अत्यल्प आणि अल्पभूधारक, नोंदणी केलेले सुशिक्षित बेरोजगार आणि बचत गटातल्या महिला असा निवडीचा क्रम आहे. दोन एकर म्हणजे एक हेक्टरच्या आत, तुम्ही अत्यल्पभूधारकात बसता. (भटक्या जमाती-क मध्ये असाल तर मेंढ्यांसाठी महामेष योजना वेगळी आहे, तीही बघा.)

आता नियमांचं. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याला लोक हसण्यावारी नेतात. त्यावर १२ आकडी नंबर असतो आणि तो ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत तुमच्या नावावर चढतो. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेलं जनावर बाजारात आणायला आणि खरेदी-विक्रीला बंदी आहे. त्याच वर्षी गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान आलं, तेही बिल्ल्याची नोंद असेल तरच. ज्यांच्या गाईंची नोंदच नव्हती, त्यांचं दूध संघात जात असून खात्यात काही आलं नाही.

शेळीच्या बाबतीत गोम अशी की बिल्ला टिकत नाही. आमच्या शेजाऱ्याची गाभण शेळी काटेरी तारेतून मान घालताना अडकली. कान मधोमध चिरला, दोन पाकळ्या झाल्या, बिल्ला गवतात कुठं पडला तो सापडलाच नाही. जखमेला हळद लावून तो मोकळा झाला. पुढं पावसाळ्यात तीच शेळी साप चावून मेली. विमा होता, शवविच्छेदन झालं, पंचनामा झाला, पण कंपनीनं बिल्ला मागितला आणि दावा फेटाळला. बिल्ला तुटला की लगेच दवाखान्यात जाऊन नवा मारून घ्यायचा आणि नवा नंबर विमा कंपनीला लेखी कळवायचा, पोच घ्यायची. कंपाउंडला काटेरी तारेऐवजी जाळी लावलीत तर हा ताप निम्मा कमी होतो.

विमा मात्र काढाच. पशुधन अभियानात २०२४ पासून शेतकऱ्याला हप्त्याचा १५ टक्के वाटा भरावा लागतो, बाकी सरकार भरतं. पूर-विजेसारख्या आपत्तीत शेळी-मेंढीमागं ४,००० आणि दुधाळ गाय-म्हशीमागं ३७,५०० रुपये सरकारी मदतीचा दर आहे. ४,००० मध्ये चांगलं करडूही येत नाही. सप्टेंबर २०२५ च्या सीनेच्या पुरात आपल्या जिल्ह्यानं काय बघितलं ते तुम्हाला मी सांगायला नको. पुरात जनावर गेलं तर फोटो काढल्याशिवाय आणि तलाठी-पशुवैद्यकाला कळवल्याशिवाय पुरू नका.

खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही मिळतं, सल्लागार सांगतोय त्या प्रकल्पाच्या कर्जापेक्षा ते बरं. शिकायचं असेल तर महूदला अहिल्यादेवी शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथं जाऊन या.

राज्याच्या योजनेचा अर्ज महाबीएमएसवर, म्हणजे पशुसंवर्धन विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर, स्वतः भरा. सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, आधार, पासबुक, अपत्यांचं स्वयंघोषणापत्र एवढंच लागतं, जातीचा दाखला असेल तर तो. नेटकॅफेवाल्याचा किंवा सल्लागाराचा मोबाईल नंबर त्यात टाकू देऊ नका. निवड झाल्याचा मेसेज त्याच नंबरवर येतो आणि कागद चढवायला मुदत थोडीच मिळते.