ही तारीख कुठली?

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. संसर्गजन्य रोगांच्या क्षेत्रातल्या अकरा फेलोशिपा, प्रत्येकीची शेवटची तारीख, स्टायपेंड, देश, मुदत, आणि शेवटच्या रकान्यात तू स्वतःच दिलेले दहापैकी गुण. ‘यातली सगळ्यात चांगली कोणती?’ असं विचारलं आहेस. तक्ता नीटनेटका आहे, पण त्यावरून मला उत्तर देता येत नाही. मी जो रकाना सगळ्यात आधी पाहिला असता, तोच त्यात नाही. तो कोणता हे सांगण्याआधी मी तपासलेल्या पहिल्या साथीची गोष्ट ऐक. फजितीची आहे, म्हणून वर्गात कधी सांगितली नाही.

प्रशिक्षणाचा चौथा महिना होता. एका वस्तीत जुलाबाची साथ सुरू झाली आणि मला पाठवलं गेलं. दवाखान्याच्या रजिस्टरमधून ऐंशीच्या वर रुग्णांची लाइन लिस्ट, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशी यादी, उतरवली, आणि कुठल्या तारखेला किती रुग्ण हे दाखवणारा आलेख, एपि कर्व्ह, काढला. दोन सुळके आले, एकमेकांपासून बरोबर सात दिवसांवर. मी हरखलेच! दर आठवड्याला पाण्याच्या टाकीत काहीतरी जातंय, असा चार पानी अहवाल लिहिला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सगळ्यांसमोर मांडला. मागच्या बाकावर आमचे एक ज्येष्ठ बसले होते. चष्मा कपाळावर, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं झोपले आहेत. त्यांनी एकच विचारलं, “ही तारीख कुठली?”

“आजाराची, सर.”

“कोणी सांगितलं?”

रजिस्टरमध्ये रकान्याच्या डोक्यावर नुसतं ‘दिनांक’ असं लिहिलेलं होतं. तो दिनांक रुग्णाचं नाव नोंदवल्याचा होता. दवाखाना रविवारी बंद असायचा. माझे दोन्ही सुळके सोमवारचे होते.

मग दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरले. पहिला जुलाब कधी झाला, हे बहुतेकांना तारखेने सांगता येत नव्हतं. ‘कामावर जाता आलं नाही तो दिवस कोणता?’ असं विचारलं की आठवायचं. नवीन आलेख काढला तेव्हा एकच उंचवटा उरला, चढ उभा आणि उतार लांबत गेलेला. पुष्कळ लोक एकदमच बाधित झाले होते आणि नंतर ते घरातल्या घरात पसरत गेलं होतं. टाकीचा काही संबंध नव्हता, साथ सुरू होण्याआधी दोनच दिवस जलवाहिनीचा एक जोड उघडून दुरुस्त केला होता. ते ज्येष्ठ तीन संध्याकाळी माझ्याबरोबर बसून एकेक नोंद तपासत होते. त्यांना त्याचं ना श्रेय मिळणार होतं, ना शोधनिबंधात नाव.

तर तो रकाना असा: माझं कच्चं काम कोण वाचणार, आणि किती वेळा?

हे संस्थेच्या माहितीपत्रकात सापडत नाही. मागच्या दोन तुकड्यांतल्या फेलोंना लिही. माहितीपत्रकावर ज्यांचे फोटो आहेत त्यांना नको, बाकीच्यांना. तीनच प्रश्न विचार. तुमच्या गाइडने तुमचा मूळ डेटा शेवटचा कधी उघडून पाहिला? शोधनिबंधात पहिलं नाव कोणाचं आलं? स्टायपेंड किती महिने थकला? उत्तर किती दिवसांनी येतं, आणि कुठल्या प्रश्नाला बगल दिली जाते, यावरून बरंच कळतं. एकाने मला नुसतं ‘फोनवर बोलू’ एवढंच कळवलं होतं. तेवढ्यावरून मी तो अर्ज बाजूला ठेवला.

आता तुझ्या अकरांबद्दल. त्या एका जातीच्या नाहीत, म्हणून त्यांना एकाच मापाने गुण देणं चुकतंय. त्यातल्या चार फील्ड एपिडेमिऑलॉजीच्या, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन साथींचा शोध घेण्याच्या, आहेत. हे सगळं कुळ १९५१ मध्ये अमेरिकेत अटलांटात सुरू झालेल्या एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस या साथी शोधणाऱ्यांच्या कार्यक्रमापासून आलेलं. अलेक्झांडर लँगम्यूर यांनी कोरियन युद्धाच्या दिवसांत, जैविक हल्ल्याच्या धास्तीचा उपयोग करून घेत ते उभं केलं. त्यांच्या बोधचिन्हावर भोक पडलेला बुटाचा तळवा आहे, त्यातच अभ्यासक्रम आला. १९८० मध्ये थायलंडने तसाच कार्यक्रम सुरू केला, १९९५ मध्ये युरोपने, आणि मग ते अनेक देशांत पसरलं. मुदत साधारण दोन वर्षं, त्यातला जेमतेम पाव भाग वर्गात आणि बाकीचा कामावर. तिथे तू विद्यार्थिनी नसतेस, यंत्रणेचा एक हात असतेस. रात्री फोन येतो, सकाळी निघावं लागतं, माहिती अर्धवट असतानाच सल्ला द्यावा लागतो, आणि तो चुकला तर मान्य करून दुरुस्त करावा लागतो. नोकरीत असलेल्यांसाठी तीन महिन्यांचा छोटा प्रकारही असतो. त्याला कमी लेखू नकोस. लाइन लिस्ट भरायला तिथेही तितकंच नीट शिकवतात.

उरलेल्या सहा संशोधनाच्या. ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट, अमेरिकेचं फॉगर्टी केंद्र, जागतिक आरोग्य संघटनेत असलेला उष्णकटिबंधीय रोगांच्या संशोधनाचा कार्यक्रम टीडीआर, यांची वाट वेगळी आहे. एकच प्रश्न घ्यायचा आणि वर्षानुवर्षं तो खणायचा. क्षयाचा जंतू घन माध्यमावर वाढायला आठ आठवड्यांपर्यंत वेळ घेतो. सातव्या आठवड्यात त्यावर बुरशी दिसली की पुन्हा पहिल्यापासून. यात ज्याला चीड येते त्याने तिकडे जाऊ नये, आणि यात काही कमीपणा नाही. मला स्वतःला यायची. अकरावी फेलोशिप नेतृत्वविकासाची आहे. ती सध्या तक्त्यातून काढून टाक. ज्यांच्याकडे नेतृत्व करायला काम आहे त्यांच्यासाठी ती ठीक.

‘प्रयोगशाळा की फील्ड’ हा तुझा दुसरा प्रश्न. मला तो कधीच फारसा खरा वाटला नाही. जुलाबाचंच उदाहरण घेते, आपला विषयच तो. १९६० मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आत जाताना सोडियमलाही बरोबर घेऊन जातं. हे शुद्ध जीवरसायनशास्त्र होतं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर दाखवून दिलं की साखर-मिठाचं पाणी तोंडाने देऊन शिरेतून द्यायचं सलाइन पुष्कळ वाचवता येतं. आणि १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाइन संपत आलं. माणसं इतकी की जमिनीवर ठेवावी लागत होती. त्यांनी क्षारांची मापं करून पिशव्या भरल्या, ड्रममध्ये द्रावण करून ठेवलं आणि ते पाजायचं काम रुग्णाच्या आई-बहिणीकडे सोपवलं. तिथला मृत्युदर आधी तीस टक्क्यांच्या घरात होता, तो चारच्या खाली आला. आता सांग, यातलं प्रयोगशाळेचं कुठवर आणि फील्डचं कुठून? महालनबीस स्वतः याच विषयावर संशोधन करत होते, म्हणून त्या दिवशी काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. मला यातली सगळ्यात धाडसाची गोष्ट द्रावण वाटत नाही, नातेवाइकांच्या हाती पेला देणं वाटतं. डॉक्टरांच्या जातीला ते अजून जमत नाही.

तू एमबीबीएस नाहीस म्हणून दोन अर्जांत मागे पडशील, अशी तुला भीती आहे. काही ठिकाणी पडशील, तो नियमच आहे, आणि त्यावर रडत बसण्यात अर्थ नाही. पण पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ ते २०१६ च्या इबोलाच्या साथीची आठवण ठेव. अकरा हजारांहून जास्त माणसं गेली. मृतदेहाला स्नान घालताना संसर्ग होतो हे डॉक्टरांना लवकर कळलं होतं. मग पांढऱ्या पोशाखातली पथकं येऊन देह पिशवीत घालून न्यायला लागली, आणि घरच्यांनी मृत्यू लपवायला सुरुवात केली. तिथे मानववंशशास्त्रज्ञांचं ऐकून घ्यावं लागलं. कुटुंबाला अंतरावरून पाहू द्यायचं, प्रार्थना होऊ द्यायची, देह आपल्या माणसासारखा उचलायचा. दफनाच्या सूचनांत ‘सुरक्षित’ शब्दाच्या जोडीला ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द आला. संख्याशास्त्र, जंतूंचा जनुकीय क्रम वाचणं (सिक्वेन्सिंग), साथ कशी पसरेल याचं गणित (मॉडेलिंग), लशी थंड ठेवून पोचवणं (कोल्ड चेन), डेटा सांभाळणं, लोकांशी बोलणं, या सगळ्यांना दारं आहेत. तुझ्यासारख्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलीला तर प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंचं काम आयुष्यभर पुरेल.

पैशाबद्दल स्पष्ट सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. साथ आली की पैसा येतो, जागा निघतात, आणि दोन-तीन वर्षांनी त्या मुकाट्याने बंद होतात. त्या लाटेवर चढायला हरकत नाही, पण शिकायचं ते असं शीक की रोगाचं नाव बदललं तरी उपयोगी पडेल: अभ्यासाची आखणी, सर्वेक्षणाचा नमुना, ‘आर’ ही संगणकभाषा वापरून विश्लेषण, आणि दर काढताना छेद कुठून आणला हे स्वतःलाच विचारायची सवय. अंश सगळेच मोजतात. आणि बातम्यांत नसलेल्या रोगांकडे लक्ष ठेव. २०२३ मध्ये क्षयाने जगभरात साडेबारा लाख माणसं मेली. त्यावर कोणी विशेष बुलेटिन काढलं नाही.

सुरक्षिततेचं विचारायला लाजू नकोस. कुठल्या लशी देणार, विमा कोणाचा, सुई टोचली तर रात्री अकरा वाजता फोन कोणाला करायचा, हे रुजू होण्याआधी लेखी घे. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये देवीच्या रोगाने दगावलेली बाई संशोधक नव्हती. देवीच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणारी छायाचित्रकार होती. देवीने मेलेलं जगातलं ते शेवटचं माणूस.

आता अर्जाचा मसुदा. पहिला परिच्छेद काढून टाक. ‘लहानपणापासून मला मानवसेवेची ओढ होती’ हे मी निवड समितीवर असताना एका दुपारी एकोणीस अर्जांत वाचलं आहे. तुझ्या मसुद्याच्या दुसऱ्या पानावर एक ओळ हरवून बसली आहे: तुमच्या प्रयोगशाळेत आलेल्या रक्ताच्या नमुन्यांपैकी बरेच वाया का जातात हे शोधताना तुला कळलं की संध्याकाळच्या पाळीत फ्रीजचं दार नीट लागत नाही. तिथून सुरू कर. किती नमुने, किती दिवस पाहिलंस, कोणाला सांगितलंस, पुढे काय झालं. काही झालं नसेल तर तेही लिही. मग त्यातून तुला कुठला प्रश्न पडला, आणि तो सोडवायला हीच संस्था का हवी. समितीतला माणूस तुझ्या अर्जाला पाच-सात मिनिटं देतो. त्याला फ्रीजचं दार लक्षात राहील.

शिफारसपत्रासाठी निदान सहा आठवडे आधी सांग, आणि ‘सर, पत्र द्याल का’ एवढंच नको. तुझा मसुदा, बायोडेटा आणि तू त्यांच्याकडे नेमकं काय केलंस याच्या चार ओळी सोबत जोड. मोठ्या नावाच्या माणसाने लिहिलेलं कोरडं पत्र मी पुष्कळ वाचलंय. ज्यांनी तुला चुकताना आणि दुरुस्त करताना पाहिलंय त्यांचं घे.

आणि लिहायला आळस करू नकोस. व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ च्या मे महिन्यात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्यांच्या वॉर्डात अठरा टक्के बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास. एवढा पुरावा हातात असून त्यांचं पुस्तक आलं १८६१ मध्ये, तेही भांडणाच्या सुरात. त्यांच्यावर अन्याय झाला हे खरंच. पण दर वर्षी हे शिकवताना मला त्या मधल्या चौदा वर्षांतल्या बाळंतिणी आठवतात, आणि सेमेलवाइस यांचाही थोडा राग येतो.

नकार येतील. अकरांतून नऊ आले तरी ते नेहमीचंच समज. प्रत्येकाकडून अभिप्राय माग. बहुतेक देत नाहीत, पण एखादा दोन ओळी लिहितो आणि त्या दोन ओळींवर पुढचा अर्ज उभा राहतो. माझी फेलोशिप तिसऱ्या खेपेला मिळाली.

तक्ता नव्या रकान्यासह पुन्हा पाठव. या वेळी गुण भरू नकोस.

तुझी,
मॅडम

ता. क. तक्त्यात ‘शेवटची तारीख’ म्हणून लिहिलंयस ती अर्ज करायची आहे की शिफारसपत्रं पोचायची? दोन ठिकाणी त्या वेगळ्या असतात. बघ.