‘जनतेच्या वतीने’ की ‘जनतेच्या नावाने’?

विचारणा अशी आहे. चिलीचे लष्करी हुकूमशहा पिनोशे यांच्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करताना ‘पिनोशे यांनी चिलीच्या जनतेच्या वतीने संयुक्त राष्ट्रांना सुनावले’ असं वाक्य लिहिलं गेलं. मित्राने ‘वतीने’ खोडून ‘नावाने’ केलं. हुकूमशहा जनतेच्या वतीने बोलतो असं म्हणता येतं का?

‘वतीने’ खोडलं ते बरोबर. पण ‘नावाने’ही ठेवू नका. मराठीत लोकांच्या नावाने खडे फोडतात, बोंब मारतात, शिमगा करतात. ‘जनतेच्या नावाने सुनावले’ वाचताना क्षणभर वाटेल की पिनोशेने जनतेचीच खरडपट्टी काढली. ‘जनतेचं नाव पुढे करून’ लिहा. लांबतं, पण अर्थ चोख बसतो.

‘वतीने’ का नको? कारण त्यात ज्याच्या वतीने बोलायचं त्याची संमती गृहीत असते. वकील अशिलाच्या वतीने उभा राहतो तो वकीलपत्रावर, आणि ते काढून घेता येतं. ‘माझ्या वतीने तू परस्पर हो म्हणालासच कसा?’ हे भांडण मराठीत होऊ शकतं, यातच त्या शब्दाची अट दिसते. आता कुणी म्हणेल, चौकातल्या फ्लेक्सवर ‘समस्त ग्रामस्थांच्या वतीने हार्दिक शुभेच्छा’ असतं, तिथे ग्रामस्थांना कोण विचारतं? कुणीच नाही. पण ते वाचून ग्रामस्थ गालात हसतात, म्हणजे अट त्यांनाही ठाऊक आहे.

हुकूमशहाला स्वतःला काय म्हणवून घ्यायला आवडेल, त्यासाठी आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात एक शब्द आहे. सातबाऱ्यावर अल्पवयीन खातेदाराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असा शेरा मारून पालकाचं नाव लिहितात. अज्ञान पालनकर्ता. जमीन पोराची, व्यवहार पालकाचा, कारण पोर कायद्याने ‘अज्ञान’. फरक एवढाच की पोर अठरा वर्षांचं झालं की अर्ज करून तो शेरा कमी करता येतो, आणि त्याआधीसुद्धा जमीन विकायची तर पालकाला कोर्टाची परवानगी लागते. पिनोशेच्या चिलीत शेरा कधी कमी करायचा हे पालकच ठरवणार होता.

मात्र विचारल्याचा देखावा त्यालाही करावा लागला. डिसेंबर १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने चिलीतल्या मानवी हक्कांच्या पायमल्लीचा निषेध केला. लगेच ४ जानेवारी १९७८ ला त्याने देशभर कौल घेतला. भाषेची आवड असणाऱ्याने ती मतपत्रिका जरूर वाचावी. तिच्यात प्रश्न नव्हताच. प्रथमपुरुषी एकवचनी विधान होतं: आपल्या मायभूमीवर चालून आलेल्या आंतरराष्ट्रीय आक्रमणासमोर चिलीची प्रतिष्ठा राखणाऱ्या राष्ट्राध्यक्ष पिनोशे यांना मी पाठिंबा देतो, आणि या सरकारच्या वैधतेला दुजोरा देतो. ‘मी’ म्हणजे मतदार. दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात गुंफलेल्या, आणि खूण एकच करायची. ‘हो’च्या वर चिलीचा झेंडा, ‘नाही’च्या वर नुसता काळा रंग. मतदारयाद्या तर १९७३ च्या लष्करी उठावानंतर, ज्यातून तो सत्तेवर आला, नष्टच केल्या होत्या. ‘हो’ म्हणणारे सुमारे ७५ टक्के, असं सरकारने जाहीर केलं.

इथे जनतेच्या वतीने कुणी बोललं नाही. जनतेच्या तोंडी वाक्य घातलं गेलं. ‘तोंडी घालणे’ हा नाटकवाल्यांचा प्रयोग इथे फिट्ट बसतो.

मग ५ ऑक्टोबर १९८८. पिनोशे पुढेही राष्ट्राध्यक्ष राहणार का, यावर पुन्हा कौल. या वेळी नव्या मतदारयाद्या होत्या, विरोधकांचे प्रतिनिधी मतमोजणीला हजर होते, टीव्हीवर दोन्ही बाजूंना रोज पंधरा-पंधरा मिनिटं मिळाली. जवळपास ५६ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं. उरलेले ४४ टक्के विसरू नयेत. ते खरोखर त्याच्या बाजूचे होते, आणि त्यांच्यापुरतं ‘समर्थकांच्या वतीने’ खुशाल लिहा. ‘जनता’ म्हटलं की मात्र ५६ टक्केही आत येतात. (याच पिनोशेने १९८१ मध्ये, मी हलवल्याशिवाय या देशात पान हलत नाही, अशा अर्थाचं विधान केलं होतं. स्पॅनिशमधलं पान मराठीतही पानच राहतं, भाषांतरकाराचे कष्ट वाचले.)

एका ठिकाणी ‘वतीने’ चालेल, तेही सांगतो. नोव्हेंबर १९८४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या बीगल सामुद्रधुनीच्या वादावर चिली आणि अर्जेंटिनाने व्हॅटिकनमध्ये करार केला. तिथे परराष्ट्रमंत्री हायमे देल व्हाये यांनी ‘चिलीच्या वतीने’ सही केली, असंच लिहायचं. करार राष्ट्राला बांधतो. पुढे लोकशाही आली तरी तो टिकला. पण त्याच करारासाठी अर्जेंटिनात राष्ट्राध्यक्ष आल्फोन्सिन यांनी सहीच्या चारच दिवस आधी लोकांचा कौल घेतला होता, आणि मोठ्या बहुमताने होकार मिळाला होता. चिलीत कुणाला विचारलं नाही. तेव्हा त्या एकाच कागदाबद्दल लिहिताना अर्जेंटिनाच्या बाजूला ‘जनतेच्या वतीने’ शोभतं, चिलीच्या बाजूला ‘चिली सरकारच्या वतीने’ एवढंच.

तुमचं वाक्य असं करा: ‘पिनोशे यांनी चिलीच्या जनतेचे नाव पुढे करून संयुक्त राष्ट्रांना सुनावले.’ ‘यांनी’ ठेवायचं की ‘पिनोशेने’ करायचं, ते तुमच्या संपादकावर सोडतो. मी वर काय केलंय ते दिसतंच आहे.