टेक्सासमधला काँडो आणि सहा वर्षांची पॉलिसी

फ्रीमाँटहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मी ४९ वर्षांची, मिस्टर ५२. मिळून उत्पन्न तीन लाख डॉलर. त्यांचं दोन, माझं एक. सगळे अमेरिकन नागरिक. मुलगी यूसीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) तिसऱ्या वर्षाला आहे, तिला मेडिकललाच जायचं आहे. जीपीए ३.७, एमसीएटीच्या (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या) सराव परीक्षेत ५०६. कॅलिफोर्नियाच्या मुलांना मुलाखतीचं बोलावणं येणं अवघड, टेक्सासच्या मुलांना ते नक्की येतं, असं ऐकतो. ओळखीच्या रिअल्टरनी प्लेनोमध्ये ३ लाख २० हजारांचा काँडो दाखवला आहे. तो आमच्या नावावर झाला की मुलगी टेक्सासची रहिवासी धरली जाईल, असं ते म्हणाले. डाउन पेमेंट ८० हजार. त्यातले ५० हजार आमच्या आययूएल (शेअर निर्देशांकाशी जोडलेला, बचतीसकट आयुर्विमा) पॉलिसीवर कर्ज काढून, बाकीचे बचतीतून. ही पॉलिसी सहा वर्षांपूर्वी मंडळातल्या एका परिचितांकडून घेतली. महिना १,५०० भरतो. आमची रिटायरमेंट आणि मुलीचं शिक्षण दोन्ही त्यातूनच करायचं आहे. मिस्टरांच्या ४०१(के)मध्ये, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंट खात्यात, कंपनी मॅच करते (तितकीच भर घालते) तेवढेच टाकतो; तिथे ३ लाख ४० हजार आहेत. माझ्या नोकरीत ती सोय नाही. काँडो घ्यावा, की नुसतं भाड्याचं घर दाखवून चालेल?"

सोबत पॉलिसीचं स्टेटमेंट जोडलं आहे. ते जोडलंत हे फार बरं केलंत.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काँडो घेऊ नका आणि भाड्याचं घरही दाखवू नका.

टेक्सासचा मोह खोटा नाही. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत दर वर्षीच्या नव्या वर्गात किमान ९० टक्के विद्यार्थी राज्याचेच असावे लागतात. म्हणजे बाहेरच्या सगळ्यांना मिळून दहा टक्के जागा, आणि मुलाखतीची बोलावणी त्याच हिशेबाने जातात. फीही कमी, चार वर्षांचा राहण्या-खाण्यासकट खर्च दोन लाखांच्या आसपास बसतो. इतरत्र सरकारी कॉलेजात तीन लाख आणि खाजगीत चार लाख धरून चाला. कॅलिफोर्नियाबद्दल ऐकलंत तेही खरं आहे. अर्ज करणारी मुलं प्रचंड आणि जागा त्या मानाने थोड्या, त्यामुळे प्रवेश मिळवणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं राज्याबाहेरच्या कॉलेजात जातात.

पण रिअल्टरनी तुम्हाला नियमाचा अर्धाच भाग सांगितला. टेक्सासमध्ये घर मालकीचं असणं हा रहिवासाच्या पुराव्यांपैकी एक पुरावा आहे. पुरावा कशाचा, तर तुम्ही तिथे सलग बारा महिने खरोखर राहत आहात आणि तेच तुमचं कायमचं घर आहे, याचा. मुलगी तुमच्या टॅक्स रिटर्नवर अवलंबित असेल तर तिचा रहिवास तुमच्यावरून ठरतो, आणि तुम्ही दोघं फ्रीमाँटला राहता, इथेच नोकरी करता, इथलाच टॅक्स भरता. शिवाय ती कॅलिफोर्नियाची रहिवासी म्हणून यूसीची सवलतीची फी भरते आहे. बाहेरच्या राज्यातल्या मुलांना तिथे वर्षाला ३४ हजारांहून जास्त जादा भरावे लागतात. एका फॉर्मवर कॅलिफोर्निया आणि दुसऱ्यावर टेक्सास असं लिहिलेलं उघड झालं, तर हातात आलेला प्रवेशही जाऊ शकतो. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीच्या पहिल्या अर्जावर खोटं विधान असू नये. हे मी पैशाच्या हिशेबाबाहेर जाऊन सांगतोय.

आता हिशेब. कर्जाचा हप्ता, टेक्सासचा जबर प्रॉपर्टी टॅक्स, एचओए (सोसायटीचा मेंटेनन्स), विमा आणि पॉलिसीवरच्या कर्जाचं व्याज धरून काँडो महिना २,८०० ला पडेल. तो भाड्याने दिलात तर 'आम्ही तिथे राहतो' म्हणता येणार नाही. रिकामा ठेवलात तर दोन वर्षांत ६७ हजार आणि विकताना दलालीचे १९ हजार. म्हणजे ८५ हजारांच्या वर खर्च, आणि तो करूनही मुलगी कागदावर कॅलिफोर्नियाचीच.

टेक्सासचा रहिवास सरळ मार्गाने मिळवता येतो, पण तो तिने स्वतः मिळवायचा. पदवीनंतर एक-दोन वर्षं थांबून मग मेडिकलला जाणं आता अगदी सर्रास आहे. प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं तसं करतात. तिने ह्यूस्टन किंवा डॅलसला पूर्ण वेळ नोकरी धरली, रिसर्च असिस्टंटची म्हणा किंवा क्लिनिकमधली, स्वतःच्या पगारावर तिथेच राहिली, तुम्ही तिला रिटर्नवर दाखवणं बंद केलंत आणि बारा महिने पूर्ण झाले, तर तिचा दावा खरा ठरेल. तुम्हाला एक डॉलर खर्च नाही. मात्र तिला टेक्सासमध्ये राहायचं असेल तरच हे करा.

आणि आधी ५०६ कडे बघू. प्रवेश मिळालेल्या मुलांची सरासरी ५१२ च्या आसपास आणि जीपीए ३.८ च्या जवळ असतो. ५०६ वर टेक्सासच्या रहिवाशालाही बोलावणं 'नक्की' नसतं. ८० हजारांच्या डाउन पेमेंटपेक्षा परीक्षा तीन महिने पुढे ढकलून नीट अभ्यास करण्याने तिच्या मुलाखती जास्त वाढतील.

कॉलेजांची यादी करतानाही राज्य बघावंच लागतं. मिसिसिपीचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा नॉर्थ कॅरोलायनातलं ब्रोडी फक्त आपल्या राज्यातल्याच मुलांना घेतं. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन प्रामुख्याने वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडाहो या पाच राज्यांसाठी आहे. कॅलिफोर्नियातसुद्धा यूसी रिव्हरसाइड त्या भागाशी नातं असलेली मुलं शोधतं. याउलट व्हरमाँट सरकारी असूनही बाहेरची मुलं भरपूर घेतं. खाजगी कॉलेजं बहुतेक करून राज्य बघत नाहीत, पण जॉर्जटाउनसारख्या ठिकाणी दहा हजारांवर अर्ज येतात. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर यादीत प्रत्येक कॉलेजाने राज्यातल्या आणि बाहेरच्या किती मुलांना मुलाखतीला बोलावलं याचे आकडे असतात. थोडे पैसे भरून ती यादी मिळते. मुलीला ती घेऊन द्या आणि बाहेरच्यांच्या रकान्यात मूठभर मुलाखती दिसतात ती सरकारी कॉलेजं तिला खोडू द्या. सेकंडरी (प्रत्येक कॉलेजाचा वेगळा दुसरा अर्ज) धरून दर अर्जाला दीडशे डॉलर जातात, पंचवीस अर्ज म्हणजे जवळपास चार हजार. पोमोनाची वेस्टर्न, व्हॅलेहोची टूरो अशी ऑस्टिओपॅथिक (एमडीऐवजी डीओ पदवी देणारी) कॉलेजंही यादीत असू देत. तिथून डीओ होणारे डॉक्टर एमडींच्याच बरोबरीने काम करतात. आपल्याकडच्या काही घरांत त्यांना उगाच कमी लेखतात, ते बघून मला वाईट वाटतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. पण पत्र वाचून माझी झोप उडाली ती पॉलिसीमुळे.

सहा वर्षांत तुम्ही १ लाख ८ हजार भरलेत. स्टेटमेंटवर अकाउंट व्हॅल्यू ८६ हजार आहे, आणि आज पॉलिसी बंद केली तर हातात ६१ हजार येतील. याच सहा वर्षांत एसअँडपी ५०० हा अमेरिकी शेअर बाजाराचा निर्देशांक दुपटीहून वर गेला. तेच १,५०० दर महिन्याला साध्या इंडेक्स फंडात गेले असते तर आज एक लाख साठ-सत्तर हजार असते.

तुम्हाला सांगितलं गेलं असेल की बाजार पडला तरी शून्याच्या खाली जायचं नाही. ते शून्य फक्त व्याजापुरतं असतं. विम्याचा खर्च, प्रशासनाचा खर्च आणि प्रीमियमवरची कपात शून्याच्या वर्षीही वजा होतेच, आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो. बाजार वर गेला की वाढीवर कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, लागते, आणि निर्देशांकातल्या कंपन्यांचा डिव्हिडंड तर तुमच्या हिशेबात धरलेलाच नसतो. विकताना दाखवलेल्या तक्त्यात वर्षानुवर्षं सरळ साडेसहा टक्के वाढ असते. तो तक्ता म्हणजे वचन नव्हे. आपल्या लोकांत या पॉलिस्या गणपतीच्या वर्गणीसोबत, पॉटलकच्या टेबलावर, ओळखीच्या भरवशावर खपवल्या जातात. विकणारे पुष्कळदा स्वतःच त्या तक्त्यावर विश्वास ठेवून बसलेले असतात, म्हणून त्यांचा राग करू नका. पण पैसे तुमचे गेलेत.

एफएएफएसएमध्ये (सरकारी शिक्षण-मदतीच्या फॉर्ममध्ये) पॉलिसीचे पैसे दिसत नाहीत, म्हणून मुलीला मदत जास्त मिळेल, हेही बहुधा ऐकवलं असेल. ४०१(के)तले पैसेही त्यात दिसत नाहीत. आणि मेडिकलच्या विद्यार्थ्याला तो फॉर्म स्वतंत्र धरतो. सरकारी कर्जासाठी आई-वडिलांचं उत्पन्न तिथे बघतच नाहीत. काही कॉलेजं स्वतःची शिष्यवृत्ती देताना पालकांची माहिती मागतात, पण ती वेगळी बाब.

खरं नुकसान प्रीमियमपेक्षाही मोठं आहे. या वर्षाच्या १८ हजारांतले मर्यादेत बसतील तेवढे मिस्टरांच्या ४०१(के)मध्ये गेले असते तर त्यावर फेडरल २४ आणि कॅलिफोर्नियाचा ९.३ टक्के टॅक्स वाचला असता. वर्षाला चार ते सहा हजार, सहा वर्षांत २८ हजारांच्या आसपास. ते तुम्ही सरकारला भरलेत आणि उरलेल्या पैशातून पॉलिसी चालवलीत.

पुढचा हिशेब बघा. मिस्टरांच्या हातात पंधरा वर्षं आहेत. आज चाललंय तसंच चाललं, म्हणजे आठ हजार त्यांचे आणि आठ कंपनीचे, तर सहा टक्क्यांनी ६७ व्या वर्षी १२ लाखांच्या आत-बाहेर. २०२६ ची मर्यादा २४,५०० आहे, आणि पन्नाशीनंतरचे ८,००० वेगळे. त्यांच्या पगारावर ते आठ हजार रॉथमध्येच (आधी टॅक्स भरून) टाकावे लागतील. दोन्ही भरले तर साडेसतरा लाख. पैसे कुठून आणायचे? प्रीमियमचे १८ हजार आणि वाचणाऱ्या टॅक्सचे साडेपाच हजार मिळून साडेतेवीस हजार होतात. आठ आधीच भरता, त्यावर लागतात साडेचोवीस. थोडी ओढाताण होईल, पण जमेल.

पॉलिसी मी बंद करेन. पण उद्या सकाळी नाही. आधी मिस्टरांच्या नावावर पाच लाखांचा पंधरा वर्षांचा टर्म विमा घ्या. तब्येत चांगली असेल तर महिना सव्वाशे-दीडशेच्या घरात मिळावा. ती पॉलिसी मंजूर होऊन कागद हातात आल्याशिवाय जुनीला हात लावू नका. मेडिकल टेस्टमध्ये काही निघालं, तर जुन्या पॉलिसीतला विमाच मोलाचा ठरेल आणि मग आपण वेगळा विचार करू. दरम्यान विमा कंपनीला, एजंटला नव्हे, लेखी कळवून इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसी पुढे कशी चालेल याचा तक्ता) मागवा, चार टक्के दराने आणि हमीच्या दराने. वर्षागणिक सरेंडर चार्ज (पॉलिसी बंद करताना कापली जाणारी रक्कम) किती उतरतो तेही त्यात बघा. २५ हजारांचा चार्ज वाचवण्यासाठी आणखी सहा-सात वर्षं १८-१८ हजार भरत राहणं मला पटत नाही.

एक बारीक गोष्ट टॅक्सची. तोट्यात बंद केलेल्या पॉलिसीचा तोटा रिटर्नवर दाखवता येत नाही. पण ६१ हजार रोख न घेता १०३५ एक्स्चेंजने (टॅक्स न लागता थेट बदली करून) कमी खर्चाच्या ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीच्या गुंतवणूक करारात, हलवले, तर तुमचे मूळ १ लाख ८ हजार सोबत जातात आणि तिथे रक्कम तेवढी होईपर्यंतच्या वाढीवर टॅक्स लागत नाही. कमिशन न घेणारी ॲन्युइटीच बघा, नाहीतर एका खड्ड्यातून दुसऱ्यात जाल. आणि पॉलिसीवर कर्ज काढू नका. कर्ज काढलेली पॉलिसी पुढे आटली, तर ती जिवंत ठेवण्यासाठी साठीनंतर तुम्हालाच खिशातून पैसे घालावे लागतात.

राहिलं मुलीचं शिक्षण. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस (पूर्ण खर्चाएवढं मिळणारं सरकारी) कर्ज बंद, आणि मेडिकलच्या विद्यार्थ्याला फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख एवढंच मिळेल. त्यामुळे सरकारी कॉलेज की खाजगी, या प्रश्नाला आता पूर्वीपेक्षा फार जास्त वजन आलं आहे. टेक्सासचा खर्च या मर्यादेत जवळपास बसतो, यूसीचा बसत नाही, खाजगीचा तर अर्धाच. वरचे पैसे खाजगी कर्जाने उभे करायचे तर बँक तुमची सही मागेल. ती सही किती रकमेपर्यंत करायची हे तुम्ही दोघांनी आताच ठरवा आणि अर्ज जाण्याआधी मुलीला आकडा सांगा. तिला वाटत असेल की आई-बाबांची पॉलिसी आहे. ती नाही, हे तिला यादी करण्याआधी कळायला हवं. फेडरल कर्ज तिने तिच्या नावावर घ्यावं. रेसिडेन्सी ना-नफा हॉस्पिटलमध्ये केली तर ती वर्षं सार्वजनिक सेवेच्या फेडरल कर्जमाफीला लागणाऱ्या दहा वर्षांत धरली जातात.

काँडोचे पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. करारावर सही झाली असेल, तर त्यात ऑप्शन पीरियड (माघार घेता येण्याची मुदत) किती दिवसांचा लिहिला आहे ते आज रात्रीच बघा. टेक्सासच्या करारात तो सहसा असतो. त्या मुदतीत लेखी कळवलं तर फक्त ऑप्शन फी जाते, अर्नेस्ट मनी (इसाराची रक्कम) परत मिळते.